अथेन्सहून एका दिवसात डेल्फी आणि ओसिओस लुकासचा मठ: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

अथेन्सला चार-पाच दिवस असणाऱ्या बहुतेकांच्या यादीत डेल्फी, म्हणजे अपोलोच्या कौलाचं प्राचीन देवस्थान, असतं. ओसिओस लुकासचा मठ सहसा नसतो. डेल्फीपासून जेमतेम पस्तीस-चाळीस किलोमीटरवर, परतीच्या वाटेवर थोडं आत वळलं की तो येतो. दोन्ही ठिकाणं युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहेत, डेल्फी १९८७ पासून आणि मठ १९९० पासून. पर्यटकांच्या बसगाड्या मात्र डेल्फी करून, आराखोव्हा गावात कॉफी पाजून, सरळ अथेन्सला परततात. म्हणून ही सहल स्वतः आखावी लागते. ती कशी आखायची, ते क्रमाने सांगते.

सुरुवातीलाच एक सांगून टाकते: या दिवसात तिसरं ठिकाण घुसवू नका. "एवढं लांब जातोच आहोत तर मेतेओराही करून येऊ" असं घरातलं कोणीतरी म्हणणारच. मेतेओरा, म्हणजे उभ्या कड्यांवरचे मठ, डेल्फीपासून गाडीने तीन तासांवर आहे, तेही उलट दिशेला. थर्मोपिलीची रणभूमीही या वाटेवर नाही. दोन ठिकाणं नीट पाहिली तर दिवस भरतो आणि माणसं हसत परत येतात.

१. कधी जायचं

एप्रिल-मे आणि सप्टेंबर अखेर ते ऑक्टोबर हा उत्तम काळ. वसंतात अवशेषांमध्ये रानफुलं असतात आणि पार्नासोस पर्वताच्या माथ्यावर बर्फही दिसतो. जुलै-ऑगस्टमध्ये अकरा वाजल्यानंतर संगमरवर आणि चुनखडीचे दगड असे तापतात की सावलीचा एकेक तुकडा शोधत फिरावं लागतं. हिवाळ्यात गर्दी नसते, पण दोन अडचणी असतात. एक म्हणजे सरकारी पुरातत्त्व स्थळं दुपारी साडेतीनच्या सुमारास बंद होतात (उन्हाळ्यात सहसा संध्याकाळी आठपर्यंत उघडी असतात). दुसरी म्हणजे आराखोव्हा हे स्कीइंगचं गाव आहे. डेल्फीचा मुख्य रस्ता या गावाच्या मधूनच जातो, आणि हिवाळ्यातल्या शनिवार-रविवारी अर्धं अथेन्स तिथे आलेलं असतं. एका गल्लीएवढ्या रस्त्यावर दोन बसगाड्या समोरासमोर आल्या की काय होतं, हे घाटात अडकलेल्या माणसाला सांगायला नको.

सुट्ट्या आधी तपासा. १ जानेवारी, २५ मार्च, १ मे, ग्रीक ईस्टरचा रविवार, २५ आणि २६ डिसेंबर या दिवशी पुरातत्त्व स्थळं बंद असतात. यातला ईस्टर फसवतो, कारण ग्रीक ऑर्थोडॉक्स ईस्टरची तारीख बहुतेक वर्षी आपल्या कॅलेंडरवर छापलेल्या ईस्टरहून वेगळी असते. नोव्हेंबर ते मार्चमध्ये दर महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रवेश मोफत असतो. पैसे वाचतात, गर्दी वाढते.

मठाच्या वेळा स्वतंत्र आहेत आणि ऋतूनुसार बदलतात. काही वेळा दुपारी मधेच मठ बंद ठेवतात. आदल्या दिवशी हॉटेलच्या स्वागतकक्षातल्या माणसाला सांगून ग्रीकमधून फोन करून घ्या. दोन मिनिटांचं काम आहे आणि तिथली मंडळी आनंदाने करतात.

२. जायचं कसं

तीन मार्ग आहेत.

*भाड्याची गाडी.* तीन-चार माणसं असाल आणि उजव्या बाजूने गाडी चालवायची तयारी असेल तर हाच मार्ग घ्या. अथेन्स ते डेल्फी साधारण १८० किलोमीटर, अडीच तास.

*चालकासह गाडी.* महाग, पण आई-वडील बरोबर असतील तर पैसे सत्कारणी लागतात. आरक्षण करताना "ओसिओस लुकास धरून" असं लेखी घ्या. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा: ग्रीसमध्ये पुरातत्त्व स्थळाच्या आत माहिती सांगण्याचा अधिकार फक्त परवानाधारक गाईडला आहे. चालक वाटेत कितीही रंगून गोष्टी सांगत असला तरी फाटकाशी तो थांबतो. आत माहितगार हवा असेल तर गाईड वेगळा ठरवावा लागतो.

*बस.* ग्रीसमधल्या गावोगावच्या बससेवेला 'कतेल' म्हणतात. डेल्फीची बस अथेन्सच्या लिओसिओन स्थानकावरून सुटते आणि तीन तास घेते. हे स्थानक मेट्रोला चिकटून नाही, त्यामुळे तिथपर्यंत टॅक्सी धरा. डेल्फी ते मठ थेट बस नाही. डेल्फीहून टॅक्सी करून, तिला मठाबाहेर थांबवून, परत आणावं लागतं. शेवटच्या बसची वेळ सांभाळत हे सगळं एका दिवसात करणं म्हणजे जिवाला घोर. एकट्याने बसने जाणार असाल तर डेल्फीत एक रात्र राहा आणि मठ दुसऱ्या दिवशी करा.

अथेन्सहून निघणारी तयार सहल घेणार असाल तर तिच्या वर्णनात मठाचं नाव शोधा. "मार्गावरील निसर्गरम्य गाव" एवढंच लिहिलेलं असेल तर ते आराखोव्हा.

३. जवळ काय हवं

कागदपत्रं:

- मूळ पासपोर्ट आणि शेंगेन व्हिसा. जर्मनी, नेदरलँड्स वगैरे शेंगेन देशात राहणाऱ्यांनी तिथलं निवासी कार्ड. मुलांच्या किंवा विद्यार्थ्यांच्या तिकिटात सवलत मागायची असेल तर वय दाखवणारं मूळ कागदपत्र लागतं.
- गाडी चालवणार असाल तर भारतीय परवाना आणि त्यासोबत आंतरराष्ट्रीय परवाना, दोन्ही. हा भारतातूनच काढून न्यायचा असतो. परिवहन खात्याच्या सारथी पोर्टलवर अर्ज करायचा, नमुना ४-अ, शुल्क १,००० रुपये, मुदत एक वर्ष. अर्जासोबत व्हिसा दाखवण्याची अट २०२१ मध्ये काढली आहे, म्हणून प्रवास ठरल्याबरोबर आरटीओचं काम उरका. निघायच्या आदल्या दिवसावर ठेवू नका.
- गाडी ज्याच्या नावावर, त्याच्याच नावाचं क्रेडिट कार्ड. अनामत रक्कम त्यावर अडकवतात. बऱ्याच ठिकाणी डेबिट कार्ड चालत नाही, आणि बायकोच्या नावाचं कार्ड व नवऱ्याच्या नावाची गाडी हेही चालत नाही.
- डेल्फीचं तिकीट. संस्कृती खात्याच्या अधिकृत ई-तिकीट संकेतस्थळावर आधी काढता येतं. शोधयंत्रात पहिल्यांदा दिसणारी दुकानं अधिकृत नसतात. तीच तिकिटं वर पैसे लावून विकतात.

सामान: तळाला पकड असलेले बूट (संगमरवर हजारो पावलांनी गुळगुळीत झालेला आहे), टोपी, प्रत्येकी दीड लिटर पाणी, उन्हाळ्यातही एक पातळ जॅकेट, थोडे सुटे युरो, आणि मठासाठी गुडघे व खांदे झाकणारे कपडे. आपला पंजाबी ड्रेस आणि ओढणी या कामाला एकदम चोख. पुरुषांनी हाफ पँट घातली असेल तर वरून चढवायला पायजमा किंवा ट्रॅक पँट गाडीत ठेवावी.

भाड्याची गाडी मागताना 'ऑटोमॅटिक' हवी असं स्पष्ट सांगा, नाहीतर हाताने गिअर टाकायची मिळते. डावा हात स्टिअरिंगवर आणि उजव्या हाताने गिअर, हे सगळं डेल्फीच्या वळणांवर शिकायला नको.

४. सकाळी साडेसहाला निघा

अथेन्सहून येणाऱ्या बसगाड्या डेल्फीला साधारण साडेदहा-अकराला पोचतात. त्यांच्या आधी दीड तास मिळवणं, एवढ्यासाठी हा पहाटेचा खटाटोप. नाश्ता वाटेत करा.

अथेन्सहून लामियाच्या दिशेने जाणारा राष्ट्रीय महामार्ग धरायचा. टोलनाके लागतात. रोख आणि कार्ड दोन्ही चालतं. फक्त 'ई-पास'ची रांग टाळा, ती गाडीवर यंत्र बसवलेल्यांसाठी असते. थीवा किंवा कास्त्रोच्या फाट्यावर महामार्ग सोडून लिवाडिया, तिथून आराखोव्हा, मग डेल्फी. थीवा म्हणजे पुराणकथांमधलं थीब्ज, इडिपसचं गाव.

नकाशात नाव घालताना जपून. एकाच गावाचं स्पेलिंग पाटीवर एक, मोबाईलवर दुसरं आणि पुस्तकात तिसरं असतं. 'सेंट लुक' नावाची चर्च ग्रीसभर आहेत, त्यामुळे मठ शोधताना दिस्तोमो किंवा स्तीरी हे गाव बरोबर घाला. घरून निघण्यापूर्वी नकाशा उतरवून ठेवा, डोंगरात नेटवर्क जातं.

थीवा ओलांडलं की सपाट मैदान लागतं. हे पूर्वी कोपाईस नावाचं सरोवर होतं. ते उपसून शेतजमीन केली. तिथे आता कापूस पिकतो, आणि ऑक्टोबरमध्ये जाणाऱ्या विदर्भातल्या माणसाला रस्त्याकडेला उडालेला पांढरा कापूस पाहून घरी आल्यासारखं वाटेल. लिवाडियात पेट्रोल भरून घ्या. पंपावर माणूस असतो, स्वतः उतरावं लागत नाही. पुढे चढ सुरू होतो. दिस्तोमोकडे फुटणाऱ्या फाट्याच्या आसपास तो प्राचीन तिठा होता, जिथे इडिपसने बापाला न ओळखता ठार मारलं असं परंपरा सांगते. दुपारी मठासाठी इथेच वळायचं आहे, तेव्हा जाताना खूण लक्षात ठेवा.

५. डेल्फी: आधी डोंगर, मग संग्रहालय

एकाच तिकिटात अवशेष आणि संग्रहालय दोन्ही येतात. ते पुन्हा तपासलं जातं, टाकून देऊ नका. उन्हाळ्यात आधी अवशेष पाहा. पाऊस असेल तर क्रम उलटा करा.

समुद्रसपाटीपासून साडेपाचशे-सहाशे मीटरवर, उभ्या कड्याच्या पोटाशी हे सगळं वसलेलं आहे. खाली दरीत आम्फिसाच्या ऑलिव्हच्या बागा इतेआच्या बंदरापर्यंत पसरल्या आहेत. इथे ग्रीक जगातलं सगळ्यात वजनदार देवस्थान होतं. अपोलोची पुजारीण पिथिया तिवईवर बसून कौल द्यायची. राजे युद्धाला निघण्यापूर्वी, गावं नवी वसाहत वसवण्यापूर्वी इथे माणसं पाठवायची. कौल बहुधा दुटप्पी असे. लिडियाचा राजा क्रीसस याला सांगितलं, तू पर्शियावर चाल केलीस तर एक मोठं साम्राज्य नष्ट होईल. झालं, पण ते त्याचं स्वतःचं. पिथियाला झिंग कशाने येत असे यावर भूगर्भशास्त्रज्ञांनी खडकातल्या भेगांमधून येणाऱ्या वायूचा तर्क मांडला आहे. सगळे तो मानत नाहीत.

फाटकातून आत गेलं की 'पवित्र मार्ग' नागमोडी वर चढतो. दोन्ही बाजूंना कोषागारं होती. प्रत्येक नगरराज्य आपल्या विजयाची लूट देवाला वाहायचं आणि शेजाऱ्याच्या नाकावर टिच्चून, त्याच्यापेक्षा देखणी इमारत बांधून त्यात ठेवायचं. भक्ती होतीच, पण निम्मी ईर्ष्या होती. अथेन्सचं कोषागार आज उभं दिसतं ते १९०३ ते १९०६ मध्ये मूळ दगड जुळवून पुन्हा रचलेलं आहे. भिंती लेखांनी भरलेल्या आहेत, जवळ जाऊन पाहा.

त्यानंतर मंदिराखालची बहुकोनी दगडांची भिंत येते, आणि इथे बहुतेक लोक न थांबता पुढे जातात. तुम्ही थांबा. वक्र कडांचे दगड एकमेकांत चुन्याशिवाय बसवले आहेत, आणि त्यांच्यावर बारीक अक्षरांत आठशेहून अधिक लेख कोरले आहेत. बहुतेक गुलामांच्या मुक्ततेचे आहेत. गुलामाला देवाला 'विकून' मोकळं करायची पद्धत होती, आणि देवळाच्या भिंतीवरचा लेख हाच त्याचा दाखला. कार्ल्याच्या चैत्यगृहात खांबांवर धेनुकाकटाच्या यवन दात्यांचे लेख ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना ही भिंत चटकन कळेल. यवन म्हणजे ग्रीक किंवा ग्रीकांशी नातं सांगणारे लोक. सह्याद्रीतल्या लेण्यात त्यांची नावं आणि इथे पार्नासोसच्या कड्याखाली त्यांच्या भाषेतली ही भिंत.

वर अपोलोचं मंदिर. आज सहा खांब उभे आहेत. हे मंदिर इसवी सनपूर्व चौथ्या शतकातलं. आधीचं ३७३ च्या भूकंपात कोसळलं होतं. 'स्वतःला ओळख' आणि 'अति काही नको' ही वचनं इथल्या मंदिरावर कोरलेली होती. मंदिरासमोर नागांच्या वेटोळ्यांचा काशाचा स्तंभ दिसेल. ती प्रतिकृती आहे. प्लातेआच्या लढाईत पर्शियनांना हरवल्यावर ग्रीकांनी वाहिलेला मूळ स्तंभ रोमन सम्राट कॉन्स्टंटाईनने आपल्या नव्या राजधानीत नेला, तो आज इस्तंबूलमध्ये आहे.

आणखी वर नाट्यगृह, सुमारे पाच हजार माणसांचं. पायऱ्यांवर बसायला मनाई असेल तर रखवालदार शिट्टी मारतात. त्याच्याही वर पंधरा मिनिटांच्या चढावर क्रीडांगण आहे, धावपट्टी साधारण १७७ मीटर. इथे दर चार वर्षांनी पिथियन खेळ होत. ऑलिंपिकखालोखाल त्यांचा मान, आणि त्यात गाण्या-वाजवण्याच्याही स्पर्धा असत. दरड कोसळण्याच्या भीतीने वरचा भाग कधी कधी बंद ठेवतात. ज्यांचे गुडघे कुरकुरतात त्यांनी नाट्यगृहापाशी थांबावं. तिथून दिसणारं दृश्य वरच्यापेक्षा चांगलं आहे, हे मी चढ वाचवण्यासाठी म्हणत नाही.

सगळं मिळून पावणेदोन ते दोन तास.

६. संग्रहालय वगळू नका

उन्हातून आल्यावर "आता पुरे" असं होतं. पाणी प्या, बाहेरच्या झाडाखाली दहा मिनिटं बसा आणि आत जा. डोंगरावर चौथरे पाहिलेत, त्यांच्यावर काय उभं होतं ते इथे आहे.

फ्रेंचांनी १८९२ मध्ये मोठं उत्खनन सुरू केलं तेव्हा या अवशेषांवर कास्त्री नावाचं नांदतं गाव होतं. ते आख्खं हलवून आज जिथे डेल्फी गाव आहे तिथे वसवलं. गावकरी खुशीने गेले नाहीत, हे वेगळं सांगायला नको.

सगळ्या दालनांना सारखा वेळ देऊ नका. नाक्सोसचा स्फिंक्स, सिफ्नोसच्या कोषागाराची शिल्पपट्टी (देव आणि राक्षसांचं युद्ध, इसवी सनपूर्व ५२५ च्या सुमाराचं) आणि क्लेओबिस व बितोन या दोन थोराड तरुणांचे पुतळे पाहा. या दोघांची गोष्ट मुलांना सांगा: बैल वेळेवर आले नाहीत म्हणून आईची गाडी स्वतः ओढून तिला देवळात नेणारे भाऊ. पवित्र मार्गाखालच्या खड्ड्यात १९३९ मध्ये सापडलेला चांदीचा बैल आणि सोन्या-हस्तिदंताच्या मूर्तीही चुकवू नका. काही दगडांवर अपोलोची स्तोत्रं स्वरलेखनासकट कोरलेली आहेत, संगीत शिकणाऱ्यांनी त्या दगडांपुढे थांबावं.

मग शेवटच्या भागात सारथी. काशाचा, पुरुषभर उंचीचा, इसवी सनपूर्व ४७० च्या दशकातला. रथशर्यत जिंकल्यावर सिसिलीतल्या गेलाच्या पोलिझालोसने वाहिलेला. त्याच्याभोवती पूर्ण फेरी मारा. जडवलेले डोळे, पापण्यांच्या बारीक तारा, पायांच्या शिरा. झग्याच्या चुण्या खांबाच्या पन्हळींसारख्या सरळ पडलेल्या, कारण रथाच्या कठड्यामागे तो भाग दिसणारच नव्हता. प्राचीन ग्रीसचे काशाचे बहुतेक पुतळे नंतरच्या काळात वितळवले गेले. हा वाचला, कारण त्याच ३७३ च्या भूकंपात ढिगाऱ्याखाली गाडला गेला आणि १८९६ पर्यंत तिथेच राहिला.

फोटो काढता येतात, फ्लॅश नाही. पुतळ्यांशेजारी त्यांच्यासारखी पोझ घेऊन फोटो काढू नका. रखवालदार रागावतात. ग्रीक लोकांना तो आपल्या पूर्वजांचा अपमान वाटतो.

निघताना रस्त्याने थोडं खाली, कास्तालिया झऱ्याच्या पुढे, अथीना प्रोनाइयाचं आवार आहे. डेल्फीच्या प्रत्येक पोस्टकार्डावर असलेलं तीन खांबांचं वर्तुळाकार थोलोस ते हेच. वरून फोटो घेऊन भागवू नका, वीस मिनिटं खाली उतरा. बसवाले इथे क्वचितच येतात. शेजारच्या व्यायामशाळेच्या अवशेषात एका खांबावर कवी बायरनने १८०९ मध्ये आपलं नाव कोरून ठेवलं आहे. किल्ल्यांच्या तटावर बदामात नावं कोरणाऱ्या मंडळींनी हे उदाहरण पुढे करू नये.

७. जेवण आराखोव्हात

डेल्फी गावातही हॉटेलं आहेत. पण आराखोव्हा दहा किलोमीटरवर, परतीच्या वाटेवर आहे आणि जेवण तिथे बरं मिळतं. गाडी गावाच्या सुरुवातीलाच लावा आणि चालत जा.

शाकाहारी लोकांची ग्रीसमध्ये आबाळ होत नाही, फक्त नावं माहीत हवीत. 'निस्तीसिमो' हा शब्द लक्षात ठेवा: उपासाच्या दिवसांत चालणारं अन्न. त्यात मांस, दूध, अंडी नसतात. मात्र कोळंबी किंवा माकूळ असू शकतं, तेव्हा तेवढं विचारा. 'गिगांतेस' (टोमॅटोत शिजवलेले मोठे पांढरे घेवडे), 'ब्रियाम' (भाजलेल्या भाज्या), 'खोर्ता' (उकडलेली रानभाजी, वर लिंबू आणि ऑलिव्ह तेल) हे बेधडक मागवा. द्राक्षाच्या पानांच्या गुंडाळ्यांत आणि भरल्या टोमॅटोत कधी खिमा असतो, विचारूनच घ्या. आराखोव्हाची खासियत म्हणजे फोरमाएला चीज, तव्यावर भाजून, वर लिंबू पिळून देतात. गरम असतानाच खा, गार झालं की रबर. टेबलावर न मागता ठेवलेल्या ब्रेडचे पैसे बिलात येतात, त्यावर वाद घालू नका.

दीड तासापेक्षा जास्त बसू नका. हिवाळ्यात तर आधी मठ उरका, मग जेवा.

८. ओसिओस लुकास

दिस्तोमोच्या फाट्यावर वळलं की रहदारी संपते. दिस्तोमो गावात १० जून १९४४ रोजी जर्मन एसएस सैनिकांनी २१८ गावकऱ्यांना ठार केलं, त्यात तान्ही मुलंही होती. गावाजवळच्या टेकडीवर स्मारक आहे. वेळ असेल तर पाच मिनिटं थांबा, फोटोंसाठी नव्हे.

पुढे मठ हेलिकॉन पर्वताच्या उतारावर, ऑलिव्हच्या खोऱ्याकडे तोंड करून बसला आहे. हा लुकास म्हणजे बायबलमधला ल्यूक नव्हे. हा स्थानिक तपस्वी होता, इसवी सन ९५३ मध्ये वारला. रोमानोस नावाचा सम्राट क्रीट बेट अरबांकडून परत घेईल असं भाकीत त्याने केलं होतं. ९६१ मध्ये दुसऱ्या रोमानोसच्या काळात ते खरं झालं, आणि साधूच्या समाधीचा महिमा वाढला. सकाळी कौल देणारी पिथिया, दुपारी भाकीत करणारा साधू. या डोंगरांना भविष्याचं वेड असावं.

मठ चालू आहे. साधू राहतात, प्रार्थना होतात. त्यामुळे काही रीती पाळायच्या:

- बूट काढायचे नाहीत. आपला हात आपोआप चपलेकडे जातो, पण इथे तशी पद्धत नाही. पुरुषांनी टोपी मात्र काढायची.
- प्रार्थना चालू असेल तर मागे उभं राहा, मधून फिरू नका.
- पडद्यासारख्या चित्रभिंतीपलीकडे गाभारा असतो, तिथे कोणीही जायचं नाही.
- मेणबत्ती लावावीशी वाटली तर डब्यात नाणं टाकून लावा, कोणी तुमचा धर्म विचारत नाही.
- साधूंचे फोटो विचारल्याशिवाय काढू नका.

दोन चर्च एकमेकांना चिकटून आहेत. लहान, जुनं पानागियाचं (म्हणजे मेरीचं) दहाव्या शतकातलं. मोठं, 'कॅथॉलिकॉन' म्हणजे मठाचं मुख्य चर्च, अकराव्या शतकातलं. आत घाईने शिरण्याआधी बाहेरची भिंत पाहा. प्रत्येक दगडाला विटांची चौकट आहे, आणि काही ठिकाणी विटा अरबी कुफी लिपीसारख्या वळणाने बसवल्या आहेत. लिपीसारख्या, पण वाचायला गेलं तर अर्थ नाही, नुसती नक्षी.

कॅथॉलिकॉनमध्ये शिरल्यावर पहिल्या दालनात, नार्थेक्समध्ये, मान वर करा. सोनेरी पार्श्वभूमीवर काचेच्या बारीक तुकड्यांची मोझेक चित्रं. मधल्या दारावर पुस्तक धरलेला येशू, बाजूंना क्रूसारोहण आणि पुनरुत्थान, आणि दोन टोकांना शिष्यांचे पाय धुणारा येशू व जखमेत बोट घालून खात्री करणारा थॉमस. चेहऱ्यांवर मोठे डोळे, जाड रेषा, गोडवा अजिबात नाही. बायझंटाईन (पूर्व रोमन साम्राज्यातली) कला नाजूक असते अशी समजूत असेल तर ती इथे मोडते.

मुख्य दालनात खांबांचं जंगल नाही. आठ आधारांवर घुमट पेललेला आहे आणि चौकोनातून वर्तुळाकडे जाताना कोपऱ्यांत कमानदार कोनाडे केले आहेत. त्यातच जन्म, मंदिरात अर्पण आणि बाप्तिस्मा ही मोझेक चित्रं आहेत. चौथा कोपरा रिकामा, तिथलं चित्र गेलं. घुमटातलं मूळ मोझेकही भूकंपात गेलं, आज दिसतं ते नंतरचं रंगकाम. दोन्ही चर्चच्या सांध्यात साधूची समाधी आहे. त्याचे अवशेष शतकानुशतकं व्हेनिसमध्ये होते आणि १९८६ मध्ये परत आले. म्हाताऱ्या बाया तिथे रांग लावून काचेला ओठ टेकवतात, त्यांची वाट अडवू नका.

बाहेर येऊन चर्चच्या खालच्या अंगाला तळघराचं दार शोधा. संत बार्बाराच्या या तळघरात अकराव्या शतकातली भित्तिचित्रं आहेत, रंग थक्क करण्याइतके ताजे. अर्धे पर्यटक या दाराला बाहेरचं कोठार समजून निघून जातात. मोबाईलचा दिवा चित्रांवर मारू नका, डोळे अंधाराला सरावू द्या, दोन मिनिटांत सगळं दिसतं.

एकूण सव्वा ते दीड तास. जुन्या भोजनशाळेतलं छोटं प्रदर्शन पाहिलं नाही तरी चालेल. अंगणातल्या झाडाखाली बसणं जास्त फायद्याचं.

९. दिवसाचं वेळापत्रक (एप्रिल ते ऑक्टोबर)

- ६:३० अथेन्स सोडा
- ९:१५ ते ११:०० डेल्फीचे अवशेष
- ११:१५ ते १२:३० संग्रहालय
- १२:३० ते १:०० अथीनाचं आवार
- १:१५ ते २:३० आराखोव्हात जेवण
- ३:१५ ते ४:४५ मठ
- ७:१५ अथेन्स

मठ दुपारी मधे बंद असल्याचं कळलं तर डेल्फीला जातानाच तो सकाळी करा. तेव्हा डेल्फीला गर्दीत पोचाल, पण संग्रहालय आधी घेऊन अवशेष तीननंतर पाहता येतील. हा पर्याय फक्त उन्हाळ्यात चालतो.

१०. परतताना

अंधार पडायच्या आत डोंगर उतरा. वळणांवर शेळ्या असतात, आणि स्थानिक लोक तुमच्या मागे चिकटून गाडी चालवतात. त्यांना जाऊ द्या, उजवीकडे सरकून वाट द्या. रविवारी संध्याकाळी अथेन्सकडे येणारा महामार्ग तुंबतो, तासभर जास्त धरा. त्याच रात्री विमान असेल तर ही सहल रविवारी ठेवू नका. गाडी परत करताना टाकी भरलेली लागते. शहरात शिरण्यापूर्वी महामार्गावरच भरा आणि पावती ठेवा. काही अडलं तर आपत्कालीन क्रमांक ११२, इंग्रजीतून बोललं तरी चालतं.